नेपाळच्या डोंगरातील शाळा : सेवेचा ताळेबंद

धन देणे आणि वेळ देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारच्या दानाचा आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. धर्मशाळा, पांजरपोळ, दवाखाने, विद्यार्थी वसतिगृहे यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देतात. वेळेचे दान मात्र आपल्याकडे तुलनेने नवे आहे. दुकानाची गादी मुलांच्या हाती सोपविलेले ज्येष्ठ, नोकरीतून निवृत्त झालेले अधिकारी, शिक्षण संपवून व्यवसायात पडण्यापूर्वी काही महिने मोकळे असलेले तरुण, अशा अनेकांच्या मनात अलीकडे एक विचार येऊ लागला आहे. परदेशी प्रवास करावयाचाच आहे, तर केवळ स्थळदर्शन न करता कोणाच्या तरी उपयोगी पडावे, हा तो विचार. त्यात नेपाळचे नाव हमखास निघते. देश परका, पण व्हिसा लागत नाही. भाषा निराळी, पण लिपी देवनागरीच. आणि डोंगरातील शाळांना मदतीची गरज आहे, हे सर्वांनी कोठेतरी वाचलेले असते.

निवृत्तीनंतर गोरखा जिल्ह्यातील दारौंदी नदीच्या खोऱ्यात, एका लहान शासकीय शाळेत मी सहा आठवडे राहिलो. तो अनुभव आणि त्याभोवतीची माहिती वाचकांपुढे मांडावी, हा या लेखाचा हेतू आहे. आयुष्यभर बँकेत काम केल्यामुळे कोणत्याही व्यवहाराच्या जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू पाहिल्याखेरीज समाधान होत नाही. सेवेच्या व्यवहारालाही तोच नियम लावला पाहिजे, असे मला वाटते.

डोंगरात शाळा कशी पोहोचली

नेपाळमध्ये सार्वत्रिक शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. १८४६ ते १९५१ या काळात तेथे राणा घराण्याची सत्ता होती. १८५४ च्या सुमारास काठमांडूत दरबार हायस्कूल निघाले, ते मुख्यतः राजघराण्यातील मुलांसाठी. सामान्य रयतेने शिकावे, असे त्या राजवटीला वाटत नव्हते. राणांची सत्ता संपली तेव्हा देशातील साक्षरता शेकडा पाचच्या आसपास होती. २०२१ च्या जनगणनेत ती शेकडा ७६.२ भरली, पुरुषांमध्ये ८३.६ आणि स्त्रियांमध्ये ६९.४. सत्तर वर्षांत इतकी मजल मारणे सोपे नव्हते. रस्ता नाही, वीज नाही, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाण्यास अर्धा दिवस, अशा मुलखात ही वाटचाल झाली आहे. पुष्कळ गावांत आधी लोकांनी श्रमदानाने दगडमातीच्या खोल्या उभारल्या, घराघरातून धान्य गोळा करून शिक्षक ठेवला आणि मग शासन आले. १९७१ च्या राष्ट्रीय शिक्षण योजनेने अशा शाळा शासनाच्या छत्राखाली आणल्या.

परदेशी माणसाने डोंगरातील शाळेसाठी काय करावे, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला सर एडमंड हिलरी यांचा आहे. १९५३ साली तेनझिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टवर पाऊल ठेवल्यानंतर जगभर मानसन्मान मिळाले. ज्या शेर्पा समाजाच्या खांद्यावरून हे यश आले, त्यांच्यासाठी काय करता येईल, असे त्यांनी शेर्पांनाच विचारले. उत्तर आले, आमच्या मुलांना शाळा हवी. १९६१ मध्ये खुमजुंग गावी, सुमारे ३,७९० मीटर उंचीवर, ती शाळा सुरू झाली. तिची पहिली इमारत अॅल्युमिनियमची होती आणि पहिला शिक्षक दार्जिलिंगहून आलेला शेर्पाच होता. पुढे हिलरींच्या हिमालयन ट्रस्टने अनेक शाळा बांधल्या आणि १९६६ साली खुंदे येथे रुग्णालय उभारले. पहिल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी वैमानिक झाला, कोणी सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा प्रमुख.

या कथेत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. हिलरींनी आधी विचारले आणि मग दिले. त्यांनी स्वतः वर्गावर उभे राहून शिकविले नाही; शिक्षक त्याच समाजातील शोधला. आणि शाळा बांधून ते मोकळे झाले नाहीत; २००८ साली निधन होईपर्यंत त्या खोऱ्याशी त्यांचा संबंध टिकला. शिखर गाठणाऱ्याची कीर्ती एका दिवसात झाली, शाळेचे काम मात्र पुढे चार दशकांहून अधिक चालले.

आजची शाळा आणि तिच्या अडचणी

आज परिस्थिती निराळी आहे. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने माध्यमिक स्तरापर्यंतचे शिक्षण स्थानिक सरकारांकडे सोपविले. देशात अशी ७५३ स्थानिक सरकारे आहेत. ग्रामीण भागात त्यांना गाउँपालिका म्हणतात. शिक्षकांची शासनमान्य पदे ठरलेली असतात, त्यांना 'दरबन्दी' असा शब्द आहे. पदे अपुरी पडली की शाळा आपल्या निधीतून कमी मानधनावर शिक्षक ठेवते. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांचे शिक्षक डोंगरात टिकत नाहीत. दहावीच्या परीक्षेला पूर्वी एसएलसी म्हणत आणि ती 'फलामे ढोका' म्हणजे लोखंडी दरवाजा म्हणून ओळखली जाई. आता तिचे नाव एसईई आहे. नाव बदलले, तरी गणितात अडणाऱ्या मुलांची अडचण तीच आहे.

त्यातच २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाजवळ होते. जवळजवळ नऊ हजार माणसे गेली आणि हजारो वर्गखोल्या कोसळल्या. तो दिवस शनिवार होता, वेळ दुपारी बाराच्या सुमाराची. नेपाळमध्ये शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते. रविवार असता तर त्याच वेळी मुले वर्गात बसलेली असती. गोरख्यात आजही कोणी शाळेच्या इमारतीविषयी बोलू लागले, की या एका वाराचा उल्लेख आपोआप येतो. पुढे कित्येक महिने शाळा बांबू आणि पत्र्याच्या शेडमध्ये भरल्या. आता बहुतेक ठिकाणी पक्क्या, भूकंपास तोंड देतील अशा इमारती झाल्या आहेत.

इमारती झाल्या, पण मुले कमी होऊ लागली. कमावती माणसे कतार, सौदी अरेबिया, मलेशिया येथे आणि आपल्या देशातही जातात. त्यांनी पाठविलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे चतुर्थांशाइतका भरतो. हाती पैसा आला की कुटुंब खाली बाजारगावात खोली घेते आणि मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खासगी 'बोर्डिंग' शाळेत घालते. २०२१ च्या जनगणनेत ७७ पैकी तीसहून अधिक जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली दिसली, त्यांत डोंगराळ जिल्हे अधिक आहेत. गावात उरतात ती गरीब घरातील मुले, दलित कुटुंबांतील मुले आणि मुली. कारण एका घरातून एकालाच खासगी शाळेत पाठविणे परवडते, तेव्हा बहुधा मुलगा निवडला जातो. पट घसरला की शेजारची शाळा आपल्या शाळेत मिळविण्याचे किंवा आपली तिच्यात मिळविण्याचे प्रस्ताव निघतात. कागदावर ते शहाणपणाचे दिसतात. चालत जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने त्यांचा अर्थ वेगळा असतो.

सहा आठवड्यांत काय झाले

मी राहिलो त्या शाळेत बालवर्गापासून दहावीपर्यंत मिळून सत्तरच्या आसपास मुले होती. गुरुंग आणि मगर कुटुंबांची संख्या मोठी. काही घरे लोहारकाम करणाऱ्या कामी समाजाची. शाळा सकाळी दहा ते दुपारी चार, शुक्रवारी अर्धा दिवस. मुले नऊच्या सुमारास घरी डाळभात जेवून येतात. खालच्या वर्गांना दुपारी 'दिवा खाजा' मिळतो. त्यासाठी शासन एका मुलामागे दिवसाला नेपाळी १५ रुपये देते, असा दर गेली काही वर्षे राहिला आहे. नेपाळी १.६० रुपये म्हणजे आपला एक रुपया, हा विनिमय दर १९९३ पासून स्थिर आहे. त्या हिशेबाने हे आपले साडेनऊ रुपयेही होत नाहीत. एवढ्यात भिजविलेले चणे, चिवडा किंवा खीर देण्याची कसरत मुख्याध्यापक करतात.

मुख्याध्यापकांना सर्व जण 'हेडसर' म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले, "सर, आपण मोठ्या वयाचे आहात, आपला मान आम्ही ठेवू. पण इंग्रजीचा तास घेण्याचा आग्रह कृपया धरू नका. दोन आठवड्यांसाठी पाहुणे येतात, गाणी शिकवितात, छायाचित्रे काढतात, जातात. पुढचा महिना मुले आमच्या तासाला लक्ष देत नाहीत." त्यांना माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. नववी-दहावीला गणित शिकविणाऱ्या तरुण शिक्षकास शाळेनंतर तयारीसाठी मदत, आणि शाळेच्या तीन वर्षांच्या हिशेबाची मांडणी. दोन्ही कामे वर्गाबाहेरची होती. छायाचित्रात दिसणारी तर मुळीच नव्हती.

लिपीचा फार उपयोग झाला. नेपाळी पाठ्यपुस्तक उघडले की निम्मे शब्द ओळखीचे निघतात. नफ्याला तेथे 'नाफा', तोट्याला 'नोक्सान', व्याजाला 'ब्याज' आणि कर्ज देणाऱ्यास 'साहु' म्हणतात. साहू हा शब्द आपल्या कानाला परका नाही. साखरेला 'चिनी' आणि दुकानाला 'पसल' म्हणतात, हे मात्र शिकावे लागले.

गणिताच्या शिक्षकाने एके दिवशी सरळव्याजाचा धडा घेतला. पुस्तकातील उदाहरणात बँकेचा व्याजदर शेकडा आठ होता. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "बँक आठ घेते आणि आमच्या गावचे साहू 'सयकडा तीन' घेतात. मग साहूचे कर्ज स्वस्त नाही का?" वर्गातील बहुतेकांनी माना डोलाविल्या. बँकेचे आठ वर्षाचे आणि साहूचे तीन महिन्याचे, हा भेद कोणी कधी उलगडून सांगितला नव्हता. अरबस्तानात नोकरी मिळवून देणाऱ्या दलालाची रक्कम भरण्यासाठी डोंगरातील कुटुंबे अशीच कर्जे काढतात.

शिक्षकाने फळ्यावर नवे उदाहरण लिहिले. दीड लाख रुपये, दरमहा शेकडा तीन, मुदत दोन वर्षे. महिन्याचे व्याज ४,५०० रुपये, दोन वर्षांचे १,०८,००० रुपये. हेच कर्ज वार्षिक शेकडा आठने मिळाले, तर दोन वर्षांचे व्याज २४,००० रुपये. फरक ८४,००० रुपयांचा. आपल्या चलनात साडेबावन्न हजारांचा. आकडे मांडून झाल्यावर वर्गात कोणी काही बोलले नाही. त्या बाकांवर बसलेल्या मुलांपैकी अनेकांचे वडील किंवा थोरले भाऊ अशाच कर्जावर परदेशी गेलेले होते. एका मुलीने मान खाली घालून आपल्या वहीत तेच गणित निराळ्या रकमेने पुन्हा सोडविले. ती रक्कम कोणाची, हे शिक्षकाने विचारले नाही.

हे उदाहरण मी मांडले असते, तर ते परक्या म्हाताऱ्या बँकवाल्याचे व्याख्यान झाले असते. गावातल्याच शिक्षकाने, मुलांच्या बोलीत, त्यांच्याच प्रश्नावरून ते मांडले, म्हणून ते घरोघरी पोहोचले. पुढील आठवड्यात तीन-चार पालक शाळेत येऊन त्या शिक्षकाला सहकारी संस्थेचे कर्ज कसे मिळते, हे विचारून गेले. माझा वाटा इतकाच, की आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मासिक आणि वार्षिक दराची अशी पाचसहा उदाहरणे तयार करून ठेवली होती.

दुसरे काम हिशेबाचे. नेपाळमध्ये शासकीय शाळेने दरवर्षी 'सामाजिक परीक्षण' करावे, म्हणजे जमाखर्च पालकांपुढे वाचून दाखवावा, अशी अपेक्षा आहे. शाळेकडे पावत्या होत्या, पण त्या पोत्यात भरून ठेवलेल्या. शिवाय तेथील आर्थिक वर्ष श्रावणात, म्हणजे जुलैच्या मध्यास सुरू होते आणि शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्यास. विक्रम संवत आपल्या व्यापारी घरांना ओळखीचे आहे. परंतु आपल्या वह्या दिवाळीला बदलतात, नेपाळचे वर्ष वैशाखात बदलते. आषाढात शासनाचा उरलेला निधी खर्चून टाकण्याची घाई होते, तिला तेथे 'असारे विकास' असे उपहासाने म्हणतात. आपल्या मार्चअखेरचे ते सख्खे भावंड.

दिवा खाजा, पाठ्यपुस्तके, छात्रवृत्ती, बांधकाम, शाळेच्या निधीतून ठेवलेल्या शिक्षकांचे मानधन, अशी खाती पाडून हेडसर, लिपिक आणि मी तीन वर्षांच्या पावत्या लावल्या. संगणकावर मांडणी लिपिकाकडूनच करून घेतली, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाची वाट पाहावी लागू नये. पालकसभेला पुरुष थोडे, आया आणि आज्या अधिक होत्या. आकडे वाचले जात असताना एका आजीने उभे राहून विचारले, "खाजाचे पैसे उरले कसे? आमची पोरे उपाशी ठेवलीत का?" हेडसरांनी तारखा वाचून दाखविल्या. दरड कोसळून वाट बंद झाली, तेव्हाचे ते दिवस होते आणि शाळा भरलीच नव्हती. आजीने तारखा मनाशी ताडून पाहिल्या आणि ती खाली बसली. माझ्या बँकेच्या नोकरीत इतके नेमके लेखापरीक्षण मी क्वचितच पाहिले.

त्या सभेमागे एक मोठी चिंता होती. सहावीपासून पुढचे वर्ग खालच्या गावातील शाळेत मिळवावेत, असा विचार गाउँपालिकेत चालू होता. उतरून जाण्यास दीड तास, चढून येण्यास अडीच तास. थंडीत पाचनंतर अंधारते. पालक म्हणत होते, मुलगे जातील, मुलींना आम्ही पाठविणार नाही. सभेने ठराव केला, की तीन वर्षांचे हिशेब, हजेरीची नोंद आणि मुलींची संख्या जोडून गाउँपालिकेकडे लेखी निवेदन द्यावे. हिशेब स्वच्छ असलेल्या शाळेचे म्हणणे अधिक गांभीर्याने ऐकले जाते, एवढाच त्या कागदांचा आधार होता. हा लेख लिहीत असेपर्यंत निर्णय झालेला नाही. वर्ग टिकतील की नाही, हे माझ्या सहा आठवड्यांवर अवलंबून नव्हते आणि नाही. ते गावाच्या चिकाटीवर आहे.

नावेची बाजू

आता दुसरी बाजू पाहू. स्वयंसेवक शाळेला काही देतो, तसेच काही घेतोही. त्याच्या निवासाची, जेवणाची, भाषांतराची व्यवस्था कोणाला तरी करावी लागते. ती बहुधा आधीच अपुऱ्या असलेल्या शिक्षकांपैकी एकावर पडते. प्रत्येक नवा पाहुणा पहिल्या धड्यापासून आरंभ करतो, म्हणून काही शाळांतील मुलांनी इंग्रजी मुळाक्षरे आणि रंगांची नावे पाच वेळा शिकलेली असतात आणि सहावा धडा कधी येत नाही. लहान मुले जीव लावतात, पाहुणा निघून जातो आणि पुढच्या महिन्यात दुसरा येतो. वडील परदेशी असलेल्या मुलांना वारंवारच्या निरोपाची ही सवय लागणे बरे नव्हे.

बांधकामातील श्रमदानाचेही तसेच. ज्याने आयुष्यात थापी धरली नाही, त्याने डोंगरात जाऊन भिंत बांधण्यात पुण्य कमी आणि धोका अधिक. भूकंपाच्या प्रदेशात तर भिंत कशी बांधली, यावर जीव अवलंबून असतात. गावात गवंडी असतो, त्याला तेथे 'डकर्मी' म्हणतात. तिकिटाचे पैसे वाचवून त्याला मजुरी दिली, तर भिंतही नीट होते आणि एका घरची चूलही पेटते.

सर्वांत गंभीर बाब अनाथालयांची आहे. काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर मुलांची वसतिगृहे एकवटलेली आहेत. त्यांतील बहुतांश मुलांना आई किंवा वडील हयात असतात, हे पाहण्यांतून वारंवार पुढे आले आहे. चांगल्या शिक्षणाचे आमिष दाखवून डोंगरातून मुले आणली जातात आणि त्यांच्या दर्शनावर परदेशी देणग्या मिळविल्या जातात. अशा ठिकाणी आपण दिलेली देणगी आणखी एका मुलाला आईपासून तोडण्याचे भांडवल ठरू शकते. दयाबुद्धीने दिलेल्या पैशाने हिंसा घडू नये, याची काळजी आपल्याइतकी दुसऱ्या कोणी घ्यावी? म्हणून मूल ज्या गावात, ज्या घरात राहते, तेथील शाळेला मदत करणे हा सरळ आणि सुरक्षित मार्ग आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

काही व्यावहारिक सूचना करतो.

भारतीय नागरिकास नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ असावे. परंतु व्हिसा नाही, म्हणजे कोणत्याही वर्गात जाऊन बसण्याची मुभा आहे असे नव्हे. शाळेचे लेखी निमंत्रण आणि स्थानिक शासनाची लेखी संमती आधी घ्यावी. मुलांमध्ये वावरणाऱ्या परक्या माणसाची चौकशी झाली, तर राग मानू नये. जी शाळा काहीच विचारीत नाही, तिच्याविषयीच शंका घ्यावी. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून काढू नयेत.

मध्यस्थ संस्थेमार्फत जाणार असाल, तर तिच्या शुल्कातील किती रक्कम शाळेपर्यंत पोहोचते, हे लेखी विचारावे. उत्तर टाळणाऱ्या संस्थेस आपणही टाळावे. देणगी रोख स्वरूपात कोणा व्यक्तीच्या हाती न देता शाळेच्या बँक खात्यात जमा करावी आणि पावती घ्यावी. शंभराहून मोठ्या भारतीय नोटांविषयीचे नेपाळचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

काळ निवडताना आपली सोय न पाहता शाळेची पाहावी. जून ते सप्टेंबर पावसाळा, दरडींचा धोका. त्यानंतर दशैं आणि तिहार या मोठ्या सणांच्या सुट्ट्या. उंचावरच्या शाळा कडाक्याच्या थंडीत बंद असतात. चैत्रात वार्षिक परीक्षा. तिहारनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, किंवा एप्रिलच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत, हे दोन काळ बरे. महिन्याहून कमी दिवस असतील, तर वर्गात न शिरता वर्गाबाहेरची कामे पत्करावीत.

आहाराविषयी अनेक वाचक विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. डोंगरात दोन वेळा डाळ, भात आणि भाजी हाच आहार. जोडीला नाचणी असते. तिला तेथे 'कोदो' म्हणतात आणि तिच्या किंवा मक्याच्या पिठाचा घट्ट 'ढिँडो' करतात. बटाटा सर्वत्र आहे, पण मोहरीच्या कुळातील रायोची पालेभाजी, भोपळ्याचे कोवळे शेंडे, इस्कुस नावाची फळभाजी हेही घरोघरी मिळते. कंदमूळ चालत नाही, हे पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगितले, तर यजमान मनापासून सांभाळतात. रात्रीचे जेवण ते लोक सातच्या पुढे घेतात. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी साधा भात आणि डाळ मागावी. सगळ्या घराचे वेळापत्रक आपल्यासाठी बदलण्याची अपेक्षा ठेवू नये. सोबत खाकरे आणि भाजलेली मुगाची डाळ असली, की चालते.

औषधे आपली आपण न्यावीत. गुडघे आणि श्वास यांची तपासणी करून घ्यावी. जवळचे रुग्णालय काही तासांच्या वाटेवर असते आणि आपल्या आजारपणाचा भार गावावर पडू नये.

ताळेबंद

व्यापारी कुटुंबांतील माणसांजवळ एक विद्या आहे, तिचे मोल आपल्यालाच नीट कळलेले नाही. हिशेब स्वच्छ ठेवणे, मालाची नोंद ठेवणे, दर तपासून खरेदी करणे, उधारी आणि व्याज ओळखणे, चार माणसांपुढे जमाखर्च उघडा करणे, हे आपण लहानपणी दुकानात बसूनच शिकतो. डोंगरातील शाळेला आणखी एका इंग्रजी गाण्याची गरज नसेल. या विद्येची आहे. ग्रंथालयातील पुस्तकांची नोंदवही, खाजाच्या धान्याची साठावही, वर्षाचा अंदाजपत्रकी आराखडा, ही कामे आपल्यातील कोणीही गृहिणी किंवा निवृत्त गृहस्थ उत्तम करू शकेल, आणि ती तेथील माणसाला शिकवून मोकळा होऊ शकेल.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. गणिताच्या एका शिक्षकाचे दोन वर्षांचे मानधन चारपाच कुटुंबांनी मिळून उचलले, तर ते एखाद्याने स्वखर्चाने केलेल्या सहा आठवड्यांच्या प्रवासापेक्षा अधिक फलदायी ठरेल. हेडसरांची खरी मागणी तीच होती. इमारत नको, पाहुणे नकोत, गणित शिकविणारा एक माणूस दोन वर्षे टिकू द्या. आमच्या परिचयातील काही कुटुंबांनी हा भार स्वीकारला असून रक्कम दर तिमाहीस शाळेच्या खात्यात जमा होते. तिचा हिशेब पालकसभेत वाचला जातो आणि त्याची प्रत आमच्याकडे येते. त्या सभेतील आज्या तो आमच्याहून बारकाईने तपासतात, याविषयी मला तरी शंका नाही.